शिकाऊ हात आधी बाहुलीवर

सरकारी दवाखान्यात आपली लेक किंवा सून बाळंत होते, तेव्हा खाटेभोवती दोन-चार शिकाऊ विद्यार्थी बहुधा असतातच. त्यांनी शिकावं, याला आमची ना नाही. आपल्या वस्तीतल्या मुलीही नर्सिंग शिकताहेत. पण पहिली सुई, पहिला टाका, पहिलं बाळंतपण गरिबाच्याच अंगावर का? पैसेवाला खाजगीत जातो. शिकाऊ हात येतो तो आपल्या वाट्याला.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या आंजेलिक द्यु कुद्रे या सुईणीने कापड-कातड्याची बाळंतिणीची कंबर बनवली, सोबत कापडी बाळ. 1759 साली राजाने तिला गावोगाव शिकवायला पाठवलं. अक्षरओळख नसलेल्या बायकाही त्या बाहुलीवर हात चालवून अडलेलं मूल सोडवायला शिकल्या.

आज नॉर्वेच्या लार्डल कंपनीचं ‘मामा नताली’ नावाचं पोट मिळतं. शिकवणारी बाई ते पट्ट्यांनी स्वतःच्या अंगावर बांधते. आत बाळ, नाळ, वार आणि लाल पाण्याची पिशवी. बाळ बाहेर येतं, वार पडते, मग ती गुपचूप ‘रक्त’ सोडते. गर्भाशय सैल पडलंय हे विद्यार्थिनीने चाचपून ओळखायचं, ते चोळायचं, इंजेक्शन द्यायचं, मदतीला हाक मारायची. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात माता दगावण्याचं मोठं कारण आहे. तिथे विचार करत बसायला वेळ नसतो. हाताला सवय हवी. बाहुलीवर चुकलं तर पुन्हा करता येतं.

आम्हाला मात्र यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ते पोट बांधलेली बाई बोलते. कळा देते, घाबरते, “काय करताय?” म्हणून विचारते. तिला नीट उत्तर द्यावं लागतं. प्रसूतीच्या खोलीतलं खेकसणं, न विचारता हात लावणं आपल्या बायकांनी फार सोसलंय. विद्यार्थिनीने एकदा स्वतः ते पोट बांधून पडून राहावं, म्हणजे खाटेवरून ते शब्द कसे ऐकू येतात ते कळेल.

2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात स्किल लॅबवर भर आहे. नर्सिंग कॉलेजांतही अशा लॅब असतात. पण महागाची बाहुली तपासणीपुरती कपाटाबाहेर येत असेल, तर तिचा काय उपयोग?

बाहुलीवर हात बसल्यावर खऱ्या रुग्णापाशी यावंच लागतं. तेव्हा शेजारी अनुभवी डॉक्टर किंवा सिस्टर हवी आणि आधी आपली परवानगी हवी. “तुम्ही शिकताय का? सोबत मोठं कोण आहे?” असं विचारायला लाजू नका. मुलीला नर्सिंगला घालतानाही नुसती इमारत बघून परतू नका. स्किल लॅब उघडून दाखवा म्हणा, आणि एका बाहुलीमागे किती मुली, आठवड्यातून किती तास, तेही विचारा.