घरगुती प्रार्थनासभा माणसं कशी जोडते

रविवारच्या उपासनेला दीडदोनशे माणसं एकत्र बसतात, शेवटी हात मिळवतात आणि आपापल्या गाड्या काढून निघतात. त्यातल्या एखाद्याची नोकरी गेली, तर मंडळीला कळायला महिना जातो. ही उणीव भरून काढते ती घरात भरणारी छोटी प्रार्थनासभा. जुनी माणसं तिला 'कॉटेज मीटिंग' म्हणतात.

कल्पना जुनीच आहे. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची, असं ठरलं. पैशासाठी दारोदार जाताना कोण आजारी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, हेही कळू लागलं. कर्जाची सोय मागे पडली, बारा जणांची विचारपूस उरली.

आजही आकडा तेवढाच ठेवावा. आठ ते बारा माणसांत एक जण आला नाही तर लगेच लक्षात येतं. वीस झाली की चारपाच जण बोलतात आणि बाकीचे ऐकून घरी जातात.

घर दर आठवड्याला बदलावं आणि पाहुणचार फक्त चहाचा असावा. हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका घरी समोसे, पुढच्या घरी पुलाव असं सुरू झालं, की भाड्याच्या एका खोलीत राहणारं कुटुंब 'आमच्याकडे नको' म्हणतं. ज्याच्या घरी आपण कधी बसलोच नाही, त्याची अडचण आपल्याला कशी कळणार?

आमच्या रायपुरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एका खोलीत जशपूरकडचं उराँव कुटुंब असू शकतं, विश्रामपूरच्या जुन्या मिशनमधलं छत्तीसगढी घर असू शकतं, एखादी मल्याळी नर्स, एखादं मराठी जोडपंही. वाचन हिंदीत होतं; प्रार्थना मात्र ज्याने त्याने आपल्या भाषेत करावी. दुःख सांगताना माणूस घरच्या भाषेकडेच वळतो. इतरांना शब्द कळले नाहीत तरी त्याला मोकळं होता येतं. आणि मे महिन्यात बोलायची वेळ आली की कूलर दहा मिनिटं बंद करावा. त्याच्या घरघरीत हळू बोलणाऱ्या बाईचा आवाज बुडतो आणि ती पुन्हा बोलत नाही.

क्रम साधा असतो: एक गीत, शास्त्रातला छोटा उतारा, थोडी शांतता, मग पाळीपाळीने बोलणं. प्रवचन नको, ते रविवारी झालेलं असतं. उताऱ्यातला कोणता शब्द मनाला लागला आणि आठवडा कसा गेला, एवढंच सांगायचं. मध्येच कोणी सल्ला देऊ लागलं तर पुढाऱ्याने प्रेमाने थांबवावं.

बोलून झालं की एकाने प्रत्येकाची विनंती वहीत लिहावी. पुढच्या आठवड्यात गीताच्याही आधी ती वही उघडायची: 'मुलाच्या प्रवेशाचं काय झालं? बाबांचा रिपोर्ट आला का?' माणसं जोडली जातात ती इथे. ऐकून घेणारे पुष्कळ असतात; आठ दिवसांनी आठवणीने विचारणारे थोडे. वहीतलं बाहेर गेलं तर मात्र विश्वास संपतो, म्हणून कौटुंबिक भांडणं आणि कर्ज लिहूच नयेत. ती लक्षात ठेवावीत.

पुढची कामं यातूनच निघतात. कोणी मेकाहारा या सरकारी रुग्णालयात भरती असेल, तर रात्री कोण थांबणार, सकाळचा डबा कोण नेणार, शाळेतून मुलांना कोण आणणार, हे तिथेच नावानिशी ठरतं. 'काही लागलं तर सांगा' म्हटल्याने कोणी सांगत नाही.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. घरातल्या प्रार्थनासभांवरून छत्तीसगडमध्ये तंटे झाले आहेत. आवाज आवरावा, वेळ पाळावी, दार उघडं ठेवावं, आणि शेजारच्या काकू चहाला आल्या तर त्यांना पाहुण्यांसारखंच वागवावं. दार उघडं ठेवण्याची ही रीत नवी नाही. इथून जवळच्या राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका मिशनऱ्याशी झालेल्या बोलण्यातून मराठी कवी नारायण वामन टिळकांची वाट ख्रिस्ताकडे वळली. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही.

गट पंधरावर गेला की त्याचे दोन करावेत. हे जड जातं, कारण एव्हाना माणसांना एकमेकांचा लळा लागलेला असतो. म्हणून तीन महिने आधी सांगावं, दोन्हीकडे जुनी माणसं राहतील असं पाहावं आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसावं.