आधी झाडलोट, मग लाल परी

वाळूजच्या बजाजनगरात संगणकावरचे खेळ आले ते सायबर कॅफेतून आणि हातोहात फिरणाऱ्या सीडींतून. ‘व्हाइस सिटी’त, ‘सॅन अँड्रियास’मध्ये आपल्याकडच्या गाड्या घुसवण्याचं ते पर्व मी भराभर ओलांडतो. मूळ फाइलवर दुसरी फाइल टाकायची आणि बिघडलं की अख्खा खेळ पुन्हा इन्स्टॉल करायचा, एवढंच त्यात होतं.

लोड ऑर्डर, म्हणजे मॉड कोणत्या क्रमाने चढतात ते, शिकवली ती बेथेस्डाच्या खेळांनी: २००२चा ‘मॉरोविंड’, २००६चा ‘ऑब्लिव्हियन’ आणि २०११चा ‘स्कायरिम’. तिथे मॉड, म्हणजे खेळात बाहेरून घातलेला बदल, वेगळी प्लगइन फाइल म्हणून येतो. एकाच नोंदीवर दोन मॉडनी हक्क सांगितला, तर यादीत खाली असलेल्याचं चालतं. समजा, एका मॉडने सरायीतला उजेड मंद केला. दुसऱ्या मॉडवाल्याला उजेडाशी कर्तव्य नव्हतं, पण एडिटरमध्ये त्याच्याकडून ती नोंद उघडली गेली आणि न बदलता तशीच सेव्ह झाली. हा दुसरा मॉड खाली बसला की उजेड पुन्हा लख्ख! अशा फुकट नोंदी ‘एक्सएडिट’ या साधनाने काढणं ही पहिली झाडलोट. दुसरी त्याहून महत्त्वाची. एखाद्याने वस्तू मुळातून उडवलेली असते आणि दुसरा मॉड तीच शोधत जातो. मग खेळ धाडकन बंद. एक्सएडिट ती वस्तू परत आणून नुसती निष्क्रिय करतं. खुद्द बेथेस्डाच्या ‘डॉनगार्ड’ या अधिकृत पुरवणीतही असा कचरा होता, तर हौशी माणसांना काय बोलायचं?

आपल्या शहरातल्या काही जाणत्यांचं म्हणणं असं की, ‘लूट’सारखं साधन आपोआप क्रम लावून देतं, मग नोंदी वाचत कशाला बसायचं? मला हे मुळीच पटत नाही. साधन नियम पाळतं. सराय अंधारी हवी की उजेडाची, हे त्याला कसं कळणार? ते खेळणाऱ्यानेच ठरवायचं असतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय: एसटी. महामंडळाच्या गाड्यांच्या बॉड्या जिथे बांधल्या जातात, त्या मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक आपल्याच चिकलठाण्याला आहे. वाळूजच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्या घरांतली पोरं ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’मध्ये एसटीची लाल परी चालवतात, याचं मला कधीच नवल वाटलं नाही. २०१२ साली आलेला हा मूळचा प्रागचा खेळ, पण त्याच्या मॉडच्या यादीत लाल परी, हिरकणी, शिवशाही सगळ्या येऊन बसल्या.

स्कायरिमवरून इकडे आलेला हमखास अडखळतो, कारण इथे क्रम उलटा. यादीत वर असेल त्याचं चालतं. त्यात अंतर्गत नावाला बारा अक्षरांची मर्यादा. इंग्रजीत ‘हिरकणी’, मग खालची रेघ, मग ‘एमएसआरटीसी’ असं लिहिलं की तेरा होतात आणि रंगसंगती काही केल्या दिसत नाही. ‘गेम डॉट लॉग’ या फाइलमध्ये चुकीची ओळ सरळ छापलेली असते, पण ती उघडतो कोण? माझा शिरस्ता ठरलेला आहे: मॉड फोल्डर रिकामं, नवं प्रोफाइल, स्टीमकडून मूळ फाइलींची पडताळणी. मग आधी एकटी बस, नंतर नकाशा, नंतर वाहतूक. आणि प्रत्येक वेळी लॉग वाचायचा.

हल्ली सगळं एका गठ्ठ्यात मिळतं. २०१७च्या ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ने एसटी मोबाइलवर आणली, हे चांगलंच झालं. पण दुसऱ्याचं मॉडेल उचलायचं, त्याचं नाव खोडायचं आणि वर पासवर्ड लावायचा, ही रीतही पसरली. असा कुलूपबंद गठ्ठा साफ तरी कसा करणार?

मूळ साहित्य न जपण्याची किंमत २०२०मध्येच कळली होती. १.३७ आवृत्तीत युरो ट्रकने आवाजाची व्यवस्थाच बदलून एफमॉड आणलं आणि जुने आवाजाचे मॉड निकामी झाले. ज्यांनी लेलँडच्या इंजिनाचं, गिअरच्या खरखरीचं मूळ रेकॉर्डिंग जपलं होतं, त्यांना आवाज नव्याने बांधता आला. बाकीच्यांच्या लाल परीला परक्या ट्रकचा आवाज लावावा लागला. म्हणून एसटीचा मॉड करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: मूळ रेकॉर्डिंग मॉडसोबतच द्या, करणाऱ्याचं नाव, खेळाची आवृत्ती आणि यादीतली जागा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून जोडा, आणि पासवर्ड लावू नका.