शिकाऱ्याचा कान आणि बंदुकीचा बार

उजव्या खांद्याला रायफल लावून वर्षानुवर्षं शिकार करणाऱ्याचा डावा कान आधी जातो. बार उडतो तेव्हा तो नळीच्या तोंडाकडे असतो. उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. शिकारी रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या घरातला. १४० च्या पुढे एकाच बाराने कान कायमचा अधू होऊ शकतो, कारण आतल्या केसपेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. कानात बोळे घालावेत, तर पाचोळ्यावरची पावलं ऐकू येत नाहीत. शेजारी दबून बसलेल्या कुत्र्याला तर तेवढंही संरक्षण नसतं.

बाराचा आवाज कमी करणारा सायलेन्सर मागणाऱ्यांचा हा मुद्दा रास्त आहे.

अमेरिकेच्या हायरम पर्सी मॅक्झिमने, म्हणजे मशीनगनवाल्या मॅक्झिमच्या मुलाने, १९०९ मध्ये सायलेन्सरचं पेटंट मिळवलं. नळीच्या टोकाला बसवायच्या या नळकांड्यात एकामागे एक पडदे असतात. गोळीमागचा तप्त वायू त्यांत अडखळतो, पसरतो, थंडावतो आणि मग बाहेर पडतो. आवाज २० ते ३५ डेसिबलनी उतरतो. सिनेमात दाखवतात तसा नाहीसा होत नाही. रायफलची गोळी ध्वनीपेक्षा दुपटीहून अधिक वेगाने जाते आणि तिने हवेत उठवलेला कडाका नळकांड्याला रोखता येत नाही.

नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारी तो सर्रास वापरतात. जर्मनीने २०२० मध्ये शिकार परवानाधारकांना लांब नळीच्या बंदुकीसाठी मुभा दिली. पण तिथे परवान्याआधी अवघड परीक्षा द्यावी लागते, पूर्वेतिहास तपासला जातो, बंदूक तिजोरीत ठेवावी लागते.

अमेरिकेची गोष्ट वेगळी. १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलर कर आणि नोंदणी लादली. १ जानेवारी २०२६ पासून कर शून्यावर आला, नोंदणी राहिली. व्हर्जिनिया बीचमध्ये ३१ मे २०१९ रोजी १२ जणांचे बळी घेणाऱ्याच्या पिस्तुलाला रीतसर विकत घेतलेला सायलेन्सर होता. नोंदणीने ते हत्याकांड टळलं नाही, हे खरंच. तरी असं हत्यार कोणाच्या हाती आहे, याचा माग तिच्यामुळेच राहतो.

छंदाच्या शिकारीला बंदी असलेल्या भारतात सायलेन्सर दिसतो तो चोरट्या शिकाऱ्यांच्या हाती. काझीरंग्यात गेंड्यांवर तो लावलेल्या रायफली चालल्या आहेत. बाराच्या आवाजावरून धावणाऱ्या वनरक्षकाला त्यामुळे दिशाच सापडत नाही.

म्हणून शिकाऱ्याला सायलेन्सर मिळावा, पण बंदुकीइतक्याच कडक तपासणीनंतर. कर गेला, मग नोंदणी तरी कशाला, असा दावा अमेरिकेतले बंदूक-समर्थक न्यायालयात लढवत आहेत. तो मान्य होऊ नये. कान वाचवायला आलेल्या शिकाऱ्याचं नाव नोंदवहीत चढल्याने काहीच बिघडत नाही.