जेलीफिशचें बालपण

इ. स. २०१३ च्या सप्टेंबरअखेर स्वीडनमधील ऑस्कर्सहाम्न येथील अणुविद्युत्केंद्राचा सर्वांत मोठा संच एकाएकीं बंद ठेवावा लागला. संचांत बिघाड नव्हता. तो थंड राखण्यासाठीं बाल्टिक समुद्राचें पाणी ज्या नळांनीं आंत घेतात, त्यांच्या तोंडाशीं जेलीफिशांचा लगदा सांचला होता. नांवांत मासा असला तरी हा प्राणी मासा नव्हे. त्याला हाड नाहीं, मेंदू नाहीं. आणि देहाचा बहुतेक भाग तर निव्वळ पाणीच. अशा पाणचट जिवानें एवढें यंत्र अडवावें, हें नवल खरेंच. पण हे इतके प्राणी एकदम आले कोठून, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. त्याचें उत्तर लाटांवर शोधून सांपडत नाहीं. तें दगडाच्या खालच्या अंगाला शोधावें लागतें.

हा उपद्व्याप करणारी जात ऑरेलिया. चंद्रासारखी वाटोळी व फिकट. हिची मादी फलित अंडीं तोंडाभोंवतालच्या झालरींत कांहीं काळ सांभाळते. त्यांतून सूक्ष्म लव असलेली अळी निघते, थोडे दिवस पोहते आणि मग दगड, शिंपला किंवा धक्क्याचा खांब असा कांहीं टणक आधार पाहून त्याला चिकटते. त्यांतही पुष्कळदां ती खालची बाजू पसंत करते. कारण तेथें गाळ सांचत नाहीं. चिकटलेल्या अळीचा दोन-तीन मिलिमीटर उंचीचा पेला बनतो. त्याच्या कांठाला बहुधा सोळा स्पर्शतंतू असतात. यालाच पॉलिप म्हणतात.

या पेल्याचें व तरंगत्या छत्रीचें कांहीं नातें असेल, असें पाहणाऱ्याच्या स्वप्नींही येत नाहीं. नॉर्वेमधील पाद्री मिखाएल सार्स यांनीं १८२९ मध्यें त्याचें वर्णन एक निराळाच प्राणी म्हणून केलें. पुढें त्यांनींच चिकाटीनें निरीक्षण चालविलें आणि १८४१ मध्यें हीं सारीं एकाच प्राण्याचीं रूपें असल्याचें दाखवून दिलें. सुरवंटाचें फुलपांखरूं होतें खरें. पण एका सुरवंटाचें एकच. येथील प्रकार अधिक विलक्षण आहे. पॉलिपच्या अंगावर आडव्या वळ्या पडतात, त्या खोल होत जातात, आणि शेवटीं ताटल्यांची उतरंड रचावी तसें त्याचें रूप होतें. मग वरची एकेक ताटली सुटून आठ पाकळ्यांच्या फुलासारखी पोहूं लागते. एका पेल्यापासून अशा दहा-वीस ताटल्या निघूं शकतात. शिवाय बुडखा शिल्लक राहतो तो राहतोच. त्याला पुन्हां तंतू फुटतात आणि पुढच्या सालीं तो पुन्हां कामाला लागतो.

हें केव्हां व्हावें, हें पाणी ठरवितें. पाणी उबदार व अन्न मुबलक असेल तोंवर पॉलिप अंगाला कोंब फोडून आपल्यासारखेच पॉलिप वाढवितो. ताटल्या पडण्यास मात्र थंडी लागते. आणि तीही एका रात्रीची चालत नाहीं. १८ अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांतील पॉलिप १० अंशांच्या पाण्यांत ठेवले, तर सुमारें तीन आठवड्यांनीं वळ्या दिसूं लागतात. जर्मनींतील कील येथील शास्त्रज्ञांनीं २०१४ मध्यें यामागील युक्ति उघड केली. सीएल ३९० असें रुक्ष नांव दिलेलें एक द्रव्य थंडीच्या दिवसांत पॉलिपच्या अंगीं हळूहळू सांचत जातें. घटिकापात्र भरलें म्हणजे घटका झाली, तसाच हा प्रकार. शरदांतील एखाद्या गार वाऱ्यानें पॉलिप फसत नाहीं. पुरा हिंवाळा मोजूनच तो पिलें सोडतो, म्हणजे वसंतांत पाण्यांतील सूक्ष्म जीव वाढूं लागतात तेव्हां तीं खाण्यास तयार असतात.

परंतु हा नियम सर्व जेलीफिशांना लावूं गेल्यास फसगत होईल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरांत जी दंश करणारी जात आहे, तिचे पॉलिप हिंवाळ्यांत कोषरूपानें पडून राहतात आणि पाणी सुमारें १७ अंशांवर चढल्यावरच पिलें सोडतात. तेथें क्षारतेचाही अंमल चालतो. वसंतांत नद्यांना मोठें पाणी आलें, उपसागर गोडा झाला, तर त्या उन्हाळ्यांत स्नान करणारांना दंश कमी होतात.

‘समुद्र तापला कीं जेलीफिश वाढणार’ असा सरसकट निकाल वृत्तपत्रें देतात, तो म्हणूनच घाईचा वाटतो. उत्तर समुद्रांतील सिंहाच्या आयाळीसारखे तंतू असलेल्या मोठ्या जातीला थंडीच मानवते. ऊबदार हिंवाळा तिच्या पॉलिपांना पिलें सोडूं देत नाहीं. निदान तिच्यापुरती तरी ही ऊब अडसरच ठरते.

खरा धोका उष्णतेइतकाच दुसरीकडे आहे. सांडपाण्यानें खाडीच्या तळाशीं प्राणवायु कमी झाला कीं जागेसाठीं झगडणारे शिंपले व इतर चिकटे जीव मरतात. ऑरेलियाचा पॉलिप तग धरतो. तोकियोच्या उपसागरांत हें प्रत्यक्ष दिसलें आहे. त्यांतच धक्के, तरंगते तराफे व बांध यांच्या रूपानें माणूस त्याला नवीं घरें बांधून देतो. पॉलिप चवीनें खाणाऱ्या कांहीं समुद्री गोगलगाई आहेत. पण त्या सर्वत्र पुऱ्या पडत नाहींत. दक्षिण कोरियांत तर पाणबुडे उतरवून, खांबांच्या व बांधांच्या अंगावरील पॉलिप पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें उडवून लावण्याचें काम सरकारनेंच हातीं घेतलें.