रांगेचे शेवटचे टोक

रांगेशी आपल्या व्यवसायाचे नाते जुने आहे; परंतु आपण डॉक्टर मंडळी ती एकाच टोकाकडून पाहत आलो आहोत. आपण दाराच्या आत असतो. दाराबाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा वेळ कसा जात असेल, याचा विचार सदतीस वर्षांच्या व्यवसायात मी फारसा केला नव्हता. तो करावयास मला एका दहा वर्षांच्या मुलाने भाग पाडले, आणि तेही येथे बडोद्यात नव्हे, तर टोकियोत.

२०२५ च्या मे महिन्यात मी मुलाकडे टोकियोला गेलो होतो. नातवाला त्या दिवसांत एकच ध्यास होता. निन्टेन्डो कंपनीचे ‘स्विच २’ हे व्हिडिओ गेमचे नवे यंत्र ५ जूनला बाजारात यावयाचे होते. मागणी अफाट, म्हणून कंपनीने सोडत ठेवली होती आणि त्याच्या बाबांच्या नावाने भरलेला अर्ज त्या सोडतीत लागला नव्हता. पोर हिरमुसले होते. मी आजोबाच्या मायेने म्हणालो, “बाबांच्या ओळखीचा कुणी दुकानदार असेलच की. त्याला सांगून एक नग बाजूला काढून ठेवता येईल.” त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले आणि विचारले, “पण आजोबा, मग चिठ्ठ्या कशाला काढल्या?”

मला उत्तर देता आले नाही. परत आल्यावरही तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून जपानमधील या खरेदीच्या रांगांविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो. हा विषय अखेरीस आपल्या दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो, एवढे आधीच सांगून ठेवतो.

एका बुधवारची गोष्ट

निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र १४,८०० येन किमतीला विक्रीस आणले. ते टीव्हीला जोडावयाचे आणि त्यात खेळाची कॅसेट बसवावयाची. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात त्याच्या नकला घरोघरी आल्या होत्या. अनेक वाचकांना त्या आठवत असतील. या यंत्रासाठी एनिक्स या कंपनीने २७ मे १९८६ रोजी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ काढला. त्याची कल्पना युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचे. केवळ बोटांच्या चपळाईचा असा हा खेळ नव्हता. त्यात कथा होती; खेळणारा स्वतःच त्या कथेचा नायक होऊन गावोगाव हिंडे, लोकांशी बोले, हळूहळू सामर्थ्य मिळवी.

या मालिकेचा तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी बाजारात आला. तो दिवस बुधवारचा, म्हणजे शाळेचा आणि कामाचा होता. टोकियोच्या मोठ्या दुकानांपुढे आदल्या रात्रीपासून रांगा लागल्या. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. शाळा बुडवून आलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकले. खेळ घेऊन घरी निघालेल्या मुलांच्या हातून तो हिसकावून घेण्याचेही प्रकार घडले.

यावरून जपानी संसदेने ‘ड्रॅगन क्वेस्ट सुटीच्याच दिवशी विकावा’ असा कायदा केला, अशी आख्यायिका जगभर पसरली आहे. ती खरी नव्हे. असा कायदा कधीच झाला नाही. कंपनीने स्वतःहूनच पुढचे भाग सुटीच्या दिवशी काढावयास आरंभ केला. चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९० रोजी आला, तेव्हा रविवारही होता आणि राष्ट्रीय सुटीही. पुढे २०१२ चा दहावा भाग गुरुवारी आला, यावरूनही कायद्याची कथा निराधार ठरते.

पहिल्याच दिवशी कशाला?

वस्तू आठवडाभराने सुखाने मिळणार असताना थंडीत रात्रभर उभे राहण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या पिढीला पडेल. त्याची मला दोन उत्तरे दिसतात.

पहिले उत्तर टंचाईचे. त्या काळी खेळ चिपवर कोरून कॅसेटमध्ये भरला जाई. चिप घडविण्यास कित्येक आठवडे लागत, त्यामुळे किती प्रती हव्यात हे फार आधी ठरवावे लागे. अंदाज कमी पडला तर दुकाने रिकामी राहत आणि पुढचा माल कधी येईल हे दुकानदारालाही सांगता येत नसे. आठवडाभराने मिळेलच, ही खात्रीच कुणाला नव्हती.

दुसरे उत्तर सोबतीचे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही कथा होती आणि ती सारा वर्ग एकाच वेळी जगत होता. कोणत्या गुहेत किल्ली आहे, कोणत्या राक्षसापुढे निभाव लागत नाही, हीच मधल्या सुटीतील भाषा असे. ज्याच्याकडे खेळ नाही तो त्या बोलण्यातून वगळला जाई, वर शेवट आधीच कानी पडण्याची धास्ती. तेव्हा रांगेतील मूल केवळ वस्तूसाठी नव्हे, आपल्या वयाच्या समाजातील जागेसाठी उभे होते. पहिल्या खेपेपुरती निघणारी विशेष आवृत्ती, नववर्षाला दुकानांत मिळणारी ‘फुकुबुकुरो’ नावाची बंद पिशवी, ज्यात काय आहे ते घेतल्यावरच कळते, या साऱ्या प्रथा त्याच ओढीवर चालतात. ‘मी त्या दिवशी तेथे होतो’ हे समाधानही खरेदीचाच एक भाग असते.

रांगेचे व्याकरण

जपानी माणूस जात्याच शिस्तप्रिय असतो, असे आपण सहज म्हणून टाकतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. तेलाच्या टंचाईच्या काळात, नोव्हेंबर १९७३ च्या आरंभी, ओसाकाजवळील सेनरी येथे शौचालयातील कागद संपणार अशी अफवा उठली आणि शेकडो गृहिणी दुकानावर लोटल्या. पाहता पाहता हे लोण देशभर पसरले. वास्तविक कागदाचे उत्पादन घटलेले नव्हते. आपल्या वाट्याला येईल की नाही या संशयानेच माणसे धावली.

तेव्हा शिस्त रक्तात नसून व्यवस्थेत असते, असे मला वाटू लागले. जपानी दुकानांनी ही व्यवस्था बारकाईने घडविली आहे. तिचे पहिले साधन ‘सेइरिकेन’, म्हणजे क्रमांकाची चिठ्ठी. जितका माल तितक्याच चिठ्ठ्या. ज्याला मिळाली त्याने घरी जाऊन ठरल्या वेळी यावे, ज्याला मिळाली नाही त्याने ताटकळत उभे राहू नये. दुसरे साधन ‘साइकोबी’चा फलक. साइकोबी म्हणजे रांगेचे शेवटचे टोक. १९७५ पासून भरणाऱ्या ‘कॉमिक मार्केट’ या चित्रकथाप्रेमींच्या प्रचंड मेळाव्यात हा फलक रांगेतील शेवटच्या माणसाच्याच हाती असतो. मागे नवा माणूस आला की तो त्याच्या हाती सोपवून पहिला मोकळा होतो. रांग कोठे संपते हे सर्वांना दिसत असते आणि ते दाखविण्याचे काम प्रत्येकाने क्षणभर केलेले असते.

हार्वर्डमध्ये अध्यापन केलेले डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. किती वेळ लागेल हे ठाऊक नसलेली प्रतीक्षा अधिक लांब वाटते, कारण न सांगितलेली प्रतीक्षा अधिक लांब वाटते, आणि अन्यायाची प्रतीक्षा त्याहून लांब वाटते, हे त्यातील सूत्र. जपानी चिठ्ठी आणि फलक नेमके याच दुखण्यांवरचे उपाय आहेत.

व्यवस्था ढळते तेव्हा

आणि व्यवस्था ढळली की जपानी रांगही मोडते. ११ नोव्हेंबर २००६ रोजी सोनीचे ‘प्लेस्टेशन ३’ विक्रीस आले. त्यातील निळ्या लेसरच्या सुट्या भागाच्या टंचाईमुळे साऱ्या जपानसाठी आरंभी सुमारे एक लाखच यंत्रे होती. टोकियोत रेटारेटी झाली. चढ्या भावाने पुन्हा विकणाऱ्यांनी मोबदला देऊन रांगेत माणसे उभी केल्याच्या बातम्याही आल्या. अशा दलालांना जपानीत ‘तेन्बाइया’ म्हणतात. जानेवारी २०२१ च्या अखेरीस ‘प्लेस्टेशन ५’ विक्रीस आल्याचे कळताच अकिहाबारातील एका दुकानात इतका लोंढा आला की विक्री थांबवावी लागली आणि पोलीस आले. माणसे तीच, शिकवण तीच. आपली पाळी येईल हा भरवसा तेवढा नाहीसा झाला होता.

दुकानदारीतही हा भरवसा मोडता येतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या चौथ्या भागाला मागणी भरपूर, हे पाहून एका वितरकाने त्यासोबत न खपणारे खेळही घेण्याची सक्ती दुकानदारांवर केली. जपानच्या व्यापार-न्याय आयोगाने १९९२ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरविली.

यातूनच रांगेकडून सोडतीकडे प्रवास झाला. रांगेत वेळ असलेल्याची सरशी होते. काळ्या बाजारात पैसा असलेल्याची. सोडतीपुढे सारे सारखे. ‘स्विच २’साठी निन्टेन्डोने आपल्या दुकानाच्या सोडतीला आणखी एक अट जोडली: अर्जदाराने जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळलेले असावे आणि ऑनलाइन सेवेचे सभासदत्व एकूण वर्षभराचे असावे. दलाल गाळून खरा खेळणारा निवडण्याचा हा प्रयत्न होता. तरीही जपानमधून सुमारे २२ लाख अर्ज आले आणि सर्वांना पहिल्या दिवशी यंत्र देता येणार नाही, याबद्दल कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी एप्रिल २०२५ मध्ये जाहीर दिलगिरी व्यक्त केली. माझा नातू त्या न लागलेल्यांपैकी एक. त्याला दुःख होते, पण राग नव्हता. या दोहोंतील अंतर मला तेथे प्रथम दिसले.

आपल्या दाराबाहेरचे बाक

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या दवाखान्यातही चिठ्ठ्या होत्या. कंपाउंडर सकाळी आठपासून नंबर देई. पण दवाखान्याला बाजूचेही एक दार होते. मित्रांचे नातलग, शेजारी, ‘डॉक्टरांना फक्त रिपोर्ट दाखवायचे आहेत’ असे म्हणणारे ओळखीचे लोक त्या दाराने येत. मी त्याला सौजन्य समजत असे.

काही वर्षांपूर्वी डभोईकडचे एक वृद्ध शेतकरी मधुमेहासाठी माझ्याकडे येत. एके दिवशी सकाळी लवकर येऊन त्यांनी अकरावा नंबर घेतला. दुपारी एक वाजता त्यांची परतीची बस होती. त्या दिवशी बाजूच्या दाराने किती जण आत आले, हे मी मोजले नव्हते. त्यांनी मोजले असावे. एकाला पाच मिनिटे असताना ते उठून गेले. तीन आठवड्यांनी मुलगा त्यांना घेऊन आला, तेव्हा पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली होती. त्या दिवशी ते तीच जखम दाखवावयास आले होते. अंगठा वाचला नाही. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. “तुम्ही कामात होतात, साहेब,” एवढेच म्हणाले.

व्हिडिओ गेम आणि औषधोपचार यांची तुलना काहींना थिल्लर वाटेल. फरक मी जाणतो. खेळाच्या रांगेत आधी आला तो आधी, हाच न्याय. आपल्याकडे छातीत दुखणाऱ्याला पुढे घ्यावेच लागते, आणि तसे केल्याने न्याय मोडत नाही; कारण सांगितले तर बाकावरची माणसे स्वतःहून वाट देतात. गरजेने दिलेला अग्रक्रम सर्वांना समजतो. ओळखीने दिलेला अग्रक्रमही समजतो, फक्त कुणी तसे बोलून दाखवीत नाही. माझ्या त्या रुग्णाला गरजेचा हक्कही होता आणि नंबराचाही. मी दोन्ही मोडले.

टोकियोहून आल्यावर मी काही साधे बदल केले. बाजूचे दार आता आतून बंद असते. ज्यांना ओळखीचा हक्क वाटतो त्यांना दुपारची वेळ उघडपणे देतो. कितवा नंबर चालू आहे, हे फळ्यावर लिहिले जाते. नंबर देतानाच कंपाउंडर जखम, ताप, धाप आणि परतीची बस यांची चौकशी करतो. बेली आणि वेल्च यांनी १९५२ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले होते की, आरंभी दोन रुग्णांना बोलवावे आणि पुढच्यांना सरासरी तपासणीच्या अंतराने वेळा द्याव्यात, म्हणजे डॉक्टर रिकामा बसत नाही आणि रुग्णही फार ताटकळत नाही, मात्र डॉक्टरने स्वतः वेळेवर यावे लागते. सत्तर वर्षांपूर्वीची ही सूचना मी आता पाळू लागलो आहे. काही स्नेही रुसले. त्यांची समजूत काढणे चालू आहे.

आपल्या मंडळातील तरुण सभासदांना एवढेच सुचवावेसे वाटते की, महिन्यातून एकदा आपल्याच दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर, सर्वांत शेवटी, अर्धा तास बसून पाहावे. तेथून दार निराळे दिसते.

नातवाला पुढच्या एका सोडतीत यंत्र मिळाले. फोनवर त्याने ते मोठ्या आनंदाने सांगितले. मीही त्याला सांगितले की त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले आहे. चिठ्ठ्या काढल्या असतील तर त्या पाळावयाच्या असतात. तो म्हणाला, “ते तर मला माहीतच होते, आजोबा.”