ओव्हनचा आकडा तपासून घ्या

रमजानचे शेवटचे दिवस आले की सातारा-सांगलीकडच्या मोहल्ल्यांतून नानखटाईचा वास सुटतो. पूर्वी पीठ घरी मळायचे, गोळे ट्रेवर मांडायचे आणि ट्रे जवळच्या बेकरीत भाजायला द्यायचे, अशी रीत होती. भाजणावळ किलोवर ठरे. भट्टीवरचा उस्ताद चिमूटभर मैदा आत टाकी आणि तो किती वेळात लाल होतो यावरून आच ओळखी. आता बऱ्याच घरांत विजेचा छोटा ओव्हन आला आहे. आपल्या अनेक भगिनी त्यावर नानखटाई, केक, खारी करून घरखर्चाला हातभार लावतात. भट्टीचे दिवसही पालटत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. आदेश मुंबईचा आहे, पण धंदा कोणीकडे चालला आहे ते त्यावरून कळते.

विजेच्या ओव्हनमध्ये मैदा टाकून बघत नाहीत. नॉबवरच्या आकड्यावर विश्वास ठेवतात. फसगत होते ती इथेच. आमच्या घरी ईदच्या चार दिवस आधी पाच किलोची ऑर्डर होती. नॉब १७० वर, वेळ वीस मिनिटे, सगळे नेहमीचे. पहिला ट्रे खालून करपला आणि आत कच्चा राहिला. दोष तुपाला दिला. दुसऱ्या ट्रेला मैदा बदलला. तिसराही गेला तेव्हा शेजारून थर्मामीटर आणून आत ठेवला. नॉब १७० सांगत होता, आत १९८ होते. तीन ट्रेंचा माल वाया गेला आणि गिऱ्हाइकाला तोंड द्यावे लागले ते निराळेच.

असे का होते? छोट्या ओव्हनच्या थर्मोस्टॅटमध्ये बहुधा दोन धातूंची जोडपट्टी असते. तापली की ती वाकते आणि वीज तोडते; निवली की पुन्हा जोडते. म्हणजे आतली उष्णता एका आकड्यावर स्थिर नसतेच, ती वरखाली होत असते. शिवाय पट्टीला कळते ते ती बसवली आहे तिथले. ट्रेच्या जागी काय आहे ते तिला ठाऊक नसते. वापराने नॉबही दांडीवर थोडा फिरतो.

तपासण्यासाठी ओव्हनमध्ये ठेवायचा घड्याळी थर्मामीटर किंवा तारेचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. बंदुकीसारखा दुरून मोजणारा या कामाला घेऊ नये. तो हवा मोजत नाही, समोरचा पृष्ठभाग मोजतो, आणि चकचकीत पत्र्यावर तर हमखास चुकतो. थर्मामीटर मधल्या जाळीवर, ट्रे जिथे ठेवता तिथे ठेवा. नॉब १७० वर लावा. थर्मोस्टॅटचा दिवा दोन-तीन वेळा लागून विझू द्या. (काही ओव्हनचा दिवा फक्त वीज चालू असल्याचे सांगतो. तिथे कान द्या, ‘टक’ असा आवाज येतो.) मग वीज तुटतानाचा आणि पुन्हा जुळतानाचा, दोन्ही आकडे लिहा. त्यांचा मध्य ही तुमच्या ओव्हनची खरी १७०. असेच १५० आणि २०० ला करा. दार उघडायचे नाही, काचेतूनच वाचायचे.

पण थर्मामीटर तरी खरा कशावरून? तारेचा असेल तर टोक कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून त्यात बुडवा, शून्य दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्यात १०० दाखवील अशी अपेक्षा मात्र आपल्या भागात करू नका. उंची वाढेल तसे पाणी कमी उष्णतेला उकळते, साधारण ३०० मीटरला एक अंश. सांगलीत ते ९८ च्या आसपास, साताऱ्यात साडेसत्त्याण्णवच्या आसपास आणि महाबळेश्वरला ९५-९६ लाच उकळते. तिथे १०० दाखवणारा थर्मामीटर चार-पाच अंशांनी खोटा समजावा.

थर्मामीटर नसेल तर साखरेची परीक्षा आहे. साखर १८६ अंशांच्या सुमारास वितळते. वाटीत चमचाभर साखर ठेवून नॉब १७५ वर पंधरा मिनिटे चालवा. वितळली तर ओव्हन जास्त तापतो. १९० वर तेवढ्याच वेळात वितळली नाही तर कमी तापतो.

फरक सापडला की नॉब उघडण्याच्या भानगडीत पडू नये. ओव्हनच्या अंगावर नखपॉलिशने खऱ्या आकड्यांच्या खुणा कराव्यात, तेवढे पुरते. आतला स्क्रू फिरवणे मिस्त्रीचे काम, तेही प्लग काढून. व्यापारी डेक ओव्हनला डिजिटल कंट्रोलर असतो. त्यात फरक भरून आकडा दुरुस्त करण्याची सोय बहुधा मिळते, ती विकणाऱ्याकडून समजून घ्यावी. प्रमाणपत्र लागणारच असेल तर एनएबीएल मान्यतेची प्रयोगशाळा गाठावी. घरगुती धंद्याला त्याची गरज नाही.

विजेच्या दाबाचेही बघा. २३० व्होल्टचा दाब १९० वर आला तर १५०० वॅटचा ओव्हन जेमतेम हजार वॅटनेच तापतो. थर्मोस्टॅट शेवटी त्याच आकड्याला वीज तोडील, पण तिथवर पोहोचायला खूप वेळ लागेल, आणि ट्रे आत घालताना पडलेली उष्णता लवकर भरून येणार नाही. संध्याकाळी दाब उतरतो अशा वस्तीत मोठी ऑर्डर सकाळी भाजलेली बरी.

राहिला कोपऱ्यांचा प्रश्न. जाळीभर पावाचे काप मांडून १८० वर भाजा. कुठले आधी लाल होतात ते पाहिले की ट्रे कधी आणि किती फिरवायचा ते कळेल. ट्रेच्या भोवती दोन बोटे जागा सोडा, नाहीतर हवा फिरत नाही. आमच्याकडे उजवा मागचा कोपरा तापट निघाला. बाराव्या मिनिटाला ट्रे फिरवतो. नॉब आता १४५ च्या खुणेवर असतो, आणि रॉड बदलला की सगळे पुन्हा मोजतो.