आईच्या पोटातले बाळ आणि वाडीतली विहीर

एप्रिल संपता संपता दिवेआगरला आमच्या खालाकडे गेलो की पहिलाच चहा जरा खारट लागतो. खाला हसून सांगते, "विहीर मचूळ झाली बाबा, पाऊस पडला की सुधारेल." डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, आणि वाडीतल्या सुपाऱ्या-नारळांसाठी पंप सकाळ-संध्याकाळ चालूच असतो. लहानपणापासून आम्ही हे पाहत आलो आहोत. उन्हाळा आला की पाणी मचूळ होणारच, त्यात विचारण्यासारखे काय आहे, असेच आम्हाला वाटायचे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र विचारावे लागले. खालाची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा महिना सुरू झाला होता. पाय सुजले, तर घरातल्या साऱ्या बायका म्हणाल्या, "पहिलटकरणीचे सुजतातच." मग डोके दुखू लागले. तेव्हा खालाने तिच्या ताटातले मीठ काढले, लोणचे बंद केले, सुकट-बोंबील बंद केले. चार दिवसांनी आशाताई आल्या आणि त्यांनी रक्तदाब मोजला, तो १५०/१०० निघाला. त्याच संध्याकाळी गाडी करून तिला दवाखान्यात न्यावे लागले. बाळ तीन आठवडे आधी जन्माला आले. आज मायलेकी दोघी सुखरूप आहेत, अल्लाहचे आभार. पण दवाखान्यात बसलेल्या त्या रात्री आमच्यातल्या एकीने सहज म्हटले, "ताटातले मीठ काढले खरे, पण ती पाणी तर त्याच विहिरीचे पीत होती ना?"

रक्तदाब विहिरीच्या पाण्यानेच वाढला, असे आम्ही म्हणत नाही. एका बाईच्या बाबतीत तसे सांगता येत नाही, आणि पहिल्या खेपेला हा त्रास गोड्या पाण्याच्या गावातही होतो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून जे मिळेल ते वाचत गेलो.

सगळ्यात जवळचे उत्तर सापडले बांगलादेशात. खुलना जिल्ह्यात सुंदरबनच्या कडेला दाकोप नावाचा भाग आहे. तिथेही घरे खाडीकाठी आहेत, उन्हाळ्यात तिथलेही पाणी खारे होते आणि गरोदर बायांना रक्तदाबाचा त्रास होतो. लंडनच्या इंपिरियल कॉलेजचे पाओलो व्हिनेइस आणि त्यांचे बांगलादेशी सहकारी यांनी तिथल्या गरोदर बायांचा अभ्यास केला आणि २०११ साली तो प्रसिद्ध केला. पावसाळ्यात या बायांच्या पोटात पिण्याच्या पाण्यातून दिवसाला साधारण ०.६ ते १.२ ग्रॅम सोडियम जात होते. कोरड्या हंगामात तोच आकडा ५ ते १६ ग्रॅम होता. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून २ ग्रॅमच्या आत सोडियम घ्यायला सांगते. मिठाच्या हिशेबात ते साधारण ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा होते. दाकोपच्या रुग्णालयात गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या बायांचे प्रमाण पावसाळ्यात ५.१ टक्के होते आणि कोरड्या हंगामात १२.२ टक्के.

ऋतू बदलला की इतरही पुष्कळ गोष्टी बदलतात, अशी शंका कुणीही घेईल. संशोधकांनाही ती आली. म्हणून त्यांनी रक्तदाब वाढलेल्या २०२ गरोदर बाया आणि त्याच भागातल्या तो न वाढलेल्या १००६ बाया यांची तुलना केली. कोण कुठले पाणी पिते हे पाहिले आणि ते पाणी तपासले. २०१४ साली निष्कर्ष छापून आला. पाण्यात जितके सोडियम जास्त, तितका धोका जास्त होता. सगळ्यात खारे पाणी पिणाऱ्या बायांमध्ये धोक्याचे प्रमाण कमी खाऱ्या पाण्यापेक्षा पाच पटींच्या वर निघाले.

आता आपल्या विहिरीकडे येऊ. समुद्राचे पाणी जमिनीखालून विहिरीत येते कसे? गोडे पाणी हलके असते आणि खारे जड. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, वरणावर तूप तरंगावे तसे. हॉलंडच्या बाडोन गायबेन आणि जर्मनीच्या हेर्झबर्ग या दोघांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वेगवेगळा हिशेब मांडला. समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याची उंची एक मीटर असेल, तर समुद्राच्या पातळीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. ऐकायला छान वाटते, पण हाच हिशेब उलटाही चालतो. वरचे पाणी उपसून एक मीटर खाली गेले की खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर यायला बघते. कोकणात वाळूखाली काळा कातळ लागतो, त्यामुळे चाळीसचा आकडा इथे जसाच्या तसा बसत नाही. तत्त्व मात्र तेच. ज्या विहिरीवर पंप जोरात चालतो, तिच्याखाली खारे पाणी शंकूसारखे वर चढते.

पूर्वी रहाट होते. बैल दमायचा, माणूस दमायचा आणि तेवढ्यात विहीर भरायची. पंप दमत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्याच किनाऱ्यावर आदळले, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक आठवडे वीज नव्हती. तेव्हा पोहरा-दोर घेऊन पाणी काढताना विहिरीतून किती पाणी निघते आणि ते किती वेळाने परत भरते, हे नव्या पिढीला पहिल्यांदा हाताने कळले. बाकी त्या वादळात चांगले काही नव्हते.

'चवीला थोडे मचूळ आहे, चालते' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय चालते, त्याचा हिशेब आम्ही कागदावर केला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर १००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. हे १००० मिलिग्रॅम सगळे साध्या मिठातून आले असे धरले, तर लिटरमागे मीठ होते सुमारे १.६ ग्रॅम. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायले तर पाच ग्रॅमच्या आसपास. म्हणजे नियमात बसणाऱ्या पाण्यातूनच दिवसभराचे सगळे मीठ पोटात गेले. भात, डाळ, सालन अजून शिजायचेच आहे. रमजानमध्ये रोजा सोडताना सरबतात साखर आणि लिंबू घातले की मचूळ चव झाकली जाते, मीठ मात्र ग्लासातच राहते.

खालाला हे समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी एका हाताने मीठ काढत होते आणि दुसऱ्या हाताने देत होते." खरे आहे. पण ताटातले मीठ पूर्ण तोडणे हाही उपाय नव्हता. गरोदरपणातला रक्तदाबाचा त्रास टाळण्यासाठी मीठ तोडायला जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. शिवाय आयोडीनयुक्त मिठातले आयोडीन बाळाच्या मेंदूला लागते. तिथे चमच्याची काटकसर करत बसण्यापेक्षा पाणी बदलणे जास्त शहाणपणाचे होते.

यात एक गुंता आहे, तोही सांगितला पाहिजे. बांगलादेशातल्याच एका नंतरच्या अभ्यासात थोडे मचूळ पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब उलट किंचित कमी आढळला. संशोधकांच्या मते त्या पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे तसे झाले असावे. कॅल्शियम कमी पडणाऱ्या गरोदर बाईला कॅल्शियम दिले तर रक्तदाबाच्या त्रासाचा धोका कमी होतो, हे पक्के माहीत आहे. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या दोन गोळ्या देतात त्या यासाठीच. कित्येक घरांत त्या फडताळात पडून राहतात. जेवणाबरोबर घ्याव्यात, आणि लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. आरओचे यंत्र बसवले तर मिठाबरोबर कॅल्शियमही निघून जाते, म्हणून अशा घरात तर त्या गोळ्या चुकवूच नयेत.

मीठ समुद्राकडून येते. दुसरी वस्तू आपल्याच अंगणातून येते. दिवेआगर आता पर्यटकांचे गाव आहे. सुट्टीच्या दिवशी घरोघरी पाहुणे, आणि प्रत्येक खोलीला संडास. त्याचे पाणी शोषखड्ड्यात जाते आणि तिथून वाळूत. वाळू कचरा गाळते आणि जंतूही बऱ्याच अंशी अडवते. मैल्यातून तयार होणारे नायट्रेट मात्र ती अडवत नाही. ते पाण्यात पूर्ण विरघळते, मातीला चिकटत नाही आणि पाणी जाईल तिकडे जाते. ना रंग, ना वास, ना चव. फ्रान्सच्या दिजॉन शहरात हेन्री डार्सी या इंजिनिअरने १८५६ साली वाळूतून पाणी किती वेगाने जाते याचा नियम मांडला. उतार जास्त तर वेग जास्त. दिवसभर उपसलेली विहीर आपल्याभोवती असा उताराच करून ठेवते. शोषखड्डा आणि विहीर यांत निदान पन्नास फूट अंतर हवे असे सांगतात. अरुंद वाडीत, शेजारच्याचा खड्डा आणि आपली विहीर यांत, ते राहिले आहे का, हे प्रत्येकाने पावलांनी मोजून पाहावे. भांडण नको, पण मोजणी हवी.

नायट्रेटमुळे लहान बाळ निळे पडते, हे अमेरिकेतल्या आयोवाच्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ साली दाखवले. विहिरीच्या पाण्यात कालवलेले वरचे दूध त्या बाळांना दिले जात होते. अंगावरच्या दुधाचे महत्त्व इथे वेगळे सांगायला नको. पोटातल्या बाळाबद्दलचा पुरावा नवा आहे. कॅलिफोर्नियातल्या १४ लाखांहून जास्त जन्मांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाच आईच्या दोन बाळंतपणांची तुलना होती, म्हणजे घराणे, शरीर सारखे आणि पाणी वेगळे. पाण्यात नायट्रेट जास्त असताना बत्तीस आठवड्यांच्या आत बाळ जन्मण्याचा धोका वाढलेला दिसला, आणि तो तिथल्या कायद्याच्या मर्यादेखालच्या पाण्यातही दिसला. ती मर्यादा आपल्या लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेटच्या मर्यादेएवढीच आहे.

वाचता वाचता आम्हाला सगळ्यात आवडले ते पोर्तो रिको बेटावरचे काम. तिथे मुदतीआधी जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाण फार होते आणि उत्तर किनाऱ्यावरच्या चुनखडीच्या भेगांतून कारखान्यांची दूषित द्रव्ये भूजलात पसरत होती. २०१० साली अक्रम अलशवाबके या इंजिनिअरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. एक गट विहिरींचे नमुने घेतो आणि दूषित द्रव्य खडकातून कसे सरकते ते पाहतो. दुसरा गट गरोदर बायांना भेटतो, त्यांचे रक्त आणि लघवी तपासतो, घरात कुठले पाणी वापरता ते विचारतो. दोघांच्या नोंदी एकाच ठिकाणी जमतात.

आपल्याकडे या नोंदी दोन वेगळ्या कपाटांत असतात. भाचीच्या, म्हणजे त्या तान्ह्या पोरीच्या, आईचे कार्ड आम्ही पुन्हा काढून पाहिले. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, सगळ्याला रकाने होते. कुठल्या विहिरीचे पाणी पिता, हे तिला नऊ महिन्यांत कुणी विचारले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

विचारायला फार काही लागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळते, आणि जलजीवन मिशनमध्ये गावांना साधी तपासणी किटही दिली आहेत. ग्रामपंचायतीत चौकशी करावी. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्यावी. क्लोराइड, नायट्रेट आणि एकूण क्षार ही तीन नावे आवर्जून सांगावीत, आणि तपासणी मे महिन्यात एकदा नि पावसाळ्यानंतर एकदा, अशी दोनदा करावी. बाजारातला खिशातला मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो, नायट्रेट दाखवत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण मीठ आणि नायट्रेट जात नाहीत. पाणी आटते आणि ती उलट दाट होतात.

गरोदर बाईचा रक्तदाब दर भेटीला मोजला गेलाच पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तिची मोफत तपासणी होते. १४०/९० किंवा वर आकडा, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे, चेहऱ्या-हातावर सूज यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

खालाने यंदा एक काम केले. शंभर चौरस फुटांच्या छपरावर आपल्याकडच्या पावसात वर्षाला वीस हजार लिटरच्या वर पाणी पडते. एका घराला पिण्या-शिजवण्यासाठी दिवसाला दहा लिटर धरले तर उन्हाळ्याच्या शंभर दिवसांना हजार लिटर पुरते. तिने पन्हळीला पाइप जोडला, तोंडाला जाड कापड बांधले, पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून दिले आणि मग झाकणाची काळी टाकी भरून घेतली. धाकट्या सुनेला आता पाचवा महिना आहे. टाकीच्या नळाला खालाने कुलूप लावले आहे. किल्ली सुनेकडे असते. आम्ही गेलो तेव्हा चहासाठी पाणी तिच्याकडेच मागावे लागले.